युक्रेनची सुधारित आणि जुगाडू चिलखती वाहनं: गेममध्ये उतरवताना काय मोजायचं

वॉर थंडरसारख्या रणगाड्यांच्या ऑनलाइन युद्धगेममध्ये युक्रेनचं एखादं सुधारित वाहन आणायचं म्हटलं की बहुतेक जण चिलखताच्या जाडीपासून सुरुवात करतात. सुरुवात वजनाच्या हिशोबापासून करावी. जुन्या सोव्हिएत सांगाड्यावर जे जे चढवलं गेलं, त्यानं कुठून तरी काहीतरी काढून घेतलं आहे: वेग, पाण्यावर तरंगण्याची क्षमता, तोफेचा कोन किंवा आत-बाहेर जायचं झाकण उघडायची जागा. वाढलेलं चिलखत दाखवलं आणि त्याची किंमत दाखवली नाही, तर ते वाहन गेममध्ये खोटं वागतं. या लेखात तोच हिशोब वाहनागणिक समजून घेऊ.

इतकी विविधता युक्रेनमध्येच का, तर तिथे कारखाने होते म्हणून. टी-६४ रणगाडा खार्किवचा. अलेक्सांद्र मोरोझोव यांच्या डिझाइन ब्युरोनं तो आखला आणि मालिशेव कारखान्यात तो तयार झाला. एमटी-एलबी हे चिलखती ट्रॅक्टरवाहन खार्किव ट्रॅक्टर कारखान्याचं. सोव्हिएत संघ फुटल्यावर हे सगळं युक्रेनकडे राहिलं, पण पैसा राहिला नाही. त्यामुळे नवा रणगाडा बनवण्याऐवजी जुनाच सुधारायची सवय लागली. २०१४ नंतर ती गरज झाली, आणि २०२२ नंतर तर रणांगणाजवळच्या वर्कशॉपमध्येही तेच काम सुरू झालं. म्हणून दोन प्रकार मनात वेगळे ठेवा. एक, कारखान्यात आराखड्यानुसार सुधारलेली वाहनं, जी बऱ्यापैकी एकसारखी असतात. दुसरी, युनिटनं हाताशी असलेल्या सामानातून जोडलेली, ज्यांतली दोनही सारखी नसतात. दुसऱ्या प्रकारात "सरासरी वाहन" करायला जाऊ नका. एकच ठरावीक गाडी निवडा, तिचे चारही बाजूंचे फोटो जमवा आणि तीच बनवा.

टी-६४ चं कुटुंब

टी-६४बीव्ही १९८५ चा. वजन साधारण ४२.४ टन, इंजिन ५टीडीएफ, ताकद ७०० अश्वशक्ती, म्हणजे टनामागे साडेसोळा. हे इंजिन वेगळ्याच धाटणीचं आहे. पाच सिलिंडर, प्रत्येकात समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, आडवं आणि अतिशय बुटकं. त्यामुळेच रणगाड्याची मागची बाजू इतकी खाली बसू शकली. पण ते गरम पटकन होतं, आणि जास्त ताकद काढायला गेलं की थंड करण्याची व्यवस्थाही बदलावी लागते.

याच रणगाड्याची सुधारित आवृत्ती बुलात, म्हणजे टी-६४बीएम, ४५ टनांचा. त्यासाठी ८५० अश्वशक्तीचं ५टीडीएफएम इंजिन ठरलं होतं. ते धरलं तर टनामागे जवळपास १९ अश्वशक्ती मिळते. तेच वजन जुन्या ७०० च्या इंजिनावर टाकलं तर साडेपंधरा, म्हणजे मूळ बीव्हीपेक्षाही सुस्त. एका आकड्यानं रणगाड्याचा स्वभाव बदलतो, तेव्हा निवडलेल्या गाडीत कोणतं इंजिन आहे याचा पुरावा आधी शोधा. बुलातमध्ये तोफचीची (तोफ चालवणाऱ्याची) साइट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, १जी४६एम आहे. तिच्या लेझर किरणावर चालणारं कोम्बात क्षेपणास्त्र तोफेच्या नळीतूनच सुटतं आणि ५ किलोमीटरपर्यंत जातं.

जुन्या बीव्हीचं क्षेपणास्त्र वेगळं आहे. ते कोब्रा, रेडिओनं चालणारं, पल्ला ४ किलोमीटर. कमांडरच्या झाकणापुढे त्याच्या अँटेनाची चिलखती पेटी असते. फोटोत ती पेटी नसेल तर तो क्षेपणास्त्र नसलेला उपप्रकार असू शकतो. पेटी न बघता सरसकट क्षेपणास्त्र देणं ही हमखास होणारी चूक आहे.

टी-६४बीव्हीची २०१७ ची आवृत्ती दिसायला साधी असली तरी खेळाच्या दृष्टीनं ती सगळ्यात रोचक आहे. इंजिन तेच ७०० चं. बदल झाला डोळ्यांत आणि कातडीत: कोन्ताक्त या जुन्या स्फोटक चिलखताच्या जागी निझ हे नवं (दोन्ही पुढे समजावली आहेत), तोफचीच्या रात्रीच्या साइटमध्ये थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारा कॅमेरा, डिजिटल रेडिओ, उपग्रह नेव्हिगेशन. थर्मल बसलाय तो रात्रीच्या साइटच्या जागी. लेझरनं अंतर मोजणारी दिवसाची साइट वेगळी, जुनीच आहे. एकाच पडद्यावर थर्मल, झूम आणि लेझर असा आधुनिक पाश्चात्त्य रणगाड्याचा थाट इथे देता येत नाही. कमांडरकडेही थर्मल नाही. त्याच्याकडे मंद प्रकाश वाढवून दाखवणारी साइट आहे. म्हणजे अंधारात शत्रू आधी दिसतो तो तोफचीला.

आता टी-६४ ची दोन जुनी दुखणी, जी कुठल्याच सुधारणेनं गेलेली नाहीत. पहिलं, मागे जाण्याचा वेग. गिअर सात पुढे आणि एक मागे. मागचा वेग ताशी जेमतेम ५ किलोमीटर. टेकडीआडून डोकं काढून गोळा टाकायचा आणि मागे सरकायचं, हा ऑनलाइन लढाईतला नेहमीचा डाव, आणि इथे तोच पांगळा होतो. तोफ आडव्या रेषेखाली ६ अंशांच्या आसपासच झुकते, त्यामुळे उतारावरून मारताही येत नाही. दुसरं दुखणं दारूगोळ्याचं. स्वयंचलित भरण यंत्रात २८ गोळे गोलाकार रचलेले असतात, आणि त्यांचे दारूचे डबे क्रूच्या भोवती उभे असतात. टी-७२ या दुसऱ्या सोव्हिएत रणगाड्यात २२ गोळे असतात आणि डबे खाली आडवे. म्हणून बाजूनं चाकांच्या वर बसलेला फटका टी-६४ मध्ये दारूपर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त. दोन्ही रणगाड्यांना गेममध्ये एकच अंतर्गत रचना चिकटवली तर हा फरक पुसला जातो, आणि बाजूच्या माऱ्याचे निकाल चुकतात.

टी-७२एएमटी ही कीवच्या चिलखत कारखान्याची टी-७२ वरची सुधारणा. निझ चिलखत, मागच्या बाजूला पट्ट्यांची जाळी आणि ८४० अश्वशक्तीचं इंजिन. वर सांगितलेला आडव्या डब्यांचा फायदा तिला मिळतो. मागे जाण्याचं दुखणं मात्र इथेही आहेच.

स्फोटक चिलखत कसं काम करतं

कोन्ताक्त-१ चा ठोकळा म्हणजे पत्र्याची पेटी. आत दोन चपटे स्फोटक डबे, एकमेकांशी कोन करून ठेवलेले. एका डब्यात पाव किलोच्या आसपास स्फोटक. शेप्ड चार्ज, म्हणजे स्फोटातून धातूची बारीक वेगवान धार सोडणारा गोळा, आदळला की ती धार डब्यात घुसते, स्फोटक पेटतं, डब्याचे पत्रे उडतात आणि धारेला आडवे कापत जातात. धार तिरकी येत असेल तर पत्रे तिच्या वाटेत जास्त वेळ राहतात. सरळ काटकोनात आली तर परिणाम खूप कमी होतो, आणि म्हणूनच ते दोन डबे कोनात बसवलेत. धातूच्या दांड्यासारखा वेगवान भेदक गोळा मात्र या पत्र्यांना जुमानत नाही. गेममध्ये कोन्ताक्त-१ ला शेप्ड चार्जविरुद्ध चांगलं मूल्य द्या, भेदक दांड्याविरुद्ध जवळपास शून्य. जोडस्फोटाच्या गोळ्यापुढेही ते हरतं. पुढचा छोटा स्फोट ठोकळा उडवतो आणि मागचा मोठा उघड्या पोलादाला भिडतो.

निझ ही कीवची निर्मिती, २००३ मध्ये सैन्यात स्वीकारलेली. इथे पत्रे उडवण्यावर भर नाही. आत लांबट, नळीसारखे शेप्ड चार्ज ओळीनं असतात. फटका बसला की त्या धारा बाजूनं जाऊन येणाऱ्या दांड्याला किंवा धारेला कापतात. त्यामुळे भेदक दांड्याविरुद्धही संरक्षण मिळतं. याची किंमत अशी की एका फटक्यात ओळीतले शेजारचे चार्जही पेटतात आणि तेवढा पट्टा उघडा पडतो. गेममध्ये निझचा एकेक छोटा ठोकळा स्वतंत्रपणे उडत असेल तर ते वाहन असायला हवं त्यापेक्षा जास्त टिकाऊ होतं. एक संपूर्ण विभाग एकदम निकामी झाला पाहिजे.

टी-७२ च्या पूर्ण कोन्ताक्त-१ संचात दोनशेच्या वर ठोकळे असतात, वजन सव्वा टनाच्या आसपास. ४० टनांच्या रणगाड्याला ते झेपतं. त्याहून महत्त्वाचं, ठोकळ्यामागे जाड पोलाद असावं लागतं. स्फोट दोन्ही बाजूंना होतो. सात-आठ मिलिमीटरच्या पत्र्यावर तोच ठोकळा ठोकला तर पत्रा आत दबतो किंवा फाटतो, आणि आतली माणसं आपल्याच चिलखतानं जखमी होतात. तेव्हा हलक्या गाडीवर कोन्ताक्त लावलेला दिसला तर मागे आधाराची पट्टी किंवा अंतर ठेवणारी चौकट आहे का, हे बघून मग संरक्षणाचा आकडा ठरवा.

देणगीत आलेल्या रणगाड्यांनाही युक्रेनी सैन्यानं हेच ठोकळे लावले: जर्मन लेपर्ड २ए४, लेपर्ड १ए५, पुढे अमेरिकी अब्राम्ससुद्धा. लेपर्ड १ चं मूळ चिलखत फार पातळ. ठोकळ्यांनी ते रॉकेट आणि ड्रोनच्या शेप्ड चार्जपुढे सुधारलं, रणगाड्याच्या भेदक गोळ्यापुढे तितकंच दुबळं राहिलं. गेममध्ये असा लेपर्ड १ आणताना त्याचं रेटिंग (तो कोणत्या ताकदीच्या वाहनांसमोर उतरेल हे ठरवणारा आकडा) चढवण्याची घाई करू नका. समोर बहुतेक खेळाडू भेदक दांडाच वापरत असतील तर त्या ठोकळ्यांचा उपयोग फक्त वजन वाढवण्यापुरता.

स्लोव्हेनियाचा एम-५५एस रणगाडा याच रांगेतला, पण जास्त नीट घडलेला. टी-५५ वर १०५ मिलिमीटरची एल-७ तोफ, आधुनिक फायर कंट्रोल (नेमाचा हिशोब करणारी यंत्रणा) आणि स्फोटक चिलखत. असे २८ रणगाडे २०२२ मध्ये युक्रेनला मिळाले. सांगाडा पन्नाशीच्या दशकातला, तोफ नाटोची, इंजिन ६०० अश्वशक्तीचं. कागदावर विचित्र वाटलं तरी गेमच्या मधल्या टप्प्यात चपखल बसेल असं वाहन शोधायचं तर आमची पहिली पसंती हीच.

एमटी-एलबी: कशावर काय ठेवता येतं

जुगाडाचा खरा राजा एमटी-एलबी. लांबी ६.४५ मीटर, रुंदी २.८६, पूर्ण भारासह वजन ११.९ टन, इंजिन २४० अश्वशक्ती. पाण्यात तरंगतो. जमिनीवरचा दाब चौरस सेंटिमीटरला ०.४६ किलो, म्हणजे रणगाड्याच्या जवळपास निम्मा. म्हणूनच युक्रेनच्या वसंतातल्या चिखलात, जिथे चाकांच्या गाड्या रुततात, तिथे तो चालत राहतो. चिलखत ७ ते १४ मिलिमीटर. साधी रायफलची गोळी थांबते, १४.५ मिलिमीटरची मशीनगन आरपार जाते.

त्यावर सर्वाधिक दिसते ती झेडयू-२३-२, २३ मिलिमीटरची जोडतोफ. वजन ९५० किलो, एमटी-एलबीच्या दोन-अडीच टनांच्या भारक्षमतेत सहज बसणारं. दोन नळ्या मिळून मिनिटाला २००० गोळ्यांचा वेग, पण प्रत्येक नळीला ५० गोळ्यांचीच पेटी. सरळ भागाकार केला तर घोडा दाबून धरल्यावर तीन सेकंदांत दोन्ही पेट्या रिकाम्या. पेटी बदलायला उघड्यावर उभ्या माणसाला हात घालावा लागतो. गेममध्ये या तोफेला लांब पट्टा किंवा सतत मारा दिला की ती राक्षसी होते. योग्य समतोल असा: तीन सेकंद भयानक, मग बराच वेळ निरुपयोगी. चालताना तोफ स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर नाही, तेव्हा चालत्या गाडीवरून नेम विखुरलाच पाहिजे. आणि तोफची उघडा आहे, म्हणून मशीनगनच्या एका फैरीत वाहन बाद होऊ शकतं.

२०२२ मध्ये दिसलेला एमटी-१२ रापिरा तोफेचा प्रकार याहून धाडसी. ही १०० मिलिमीटरची गुळगुळीत नळीची रणगाडाविरोधी तोफ. गंमत अशी की ती ओढून नेण्याचं नेहमीचं काम एमटी-एलबीचंच होतं. ओढताना अडचण नाही, कारण वजन तोफेच्या स्वतःच्या चाकांवर असतं आणि एमटी-एलबी साडेसहा टन ओढू शकतो. छपरावर घेतली की गणित बदलतं. पूर्ण तोफ ३ टनांची. चाकं आणि मागचे पाय काढून ते कमी केलं, तरी जे उरतं ते सगळं उंचीवर. गुरुत्वमध्य वर सरकतो, उतारावर गाडी कलते. झटका सोसायला जमिनीत रुतवायचे पाय आता नाहीत, तो झटका पातळ छपरातून सांगाड्यात आणि पुढे चाकांना उशी देणाऱ्या टॉर्शन बारमध्ये जातो. म्हणून प्रत्येक गोळ्यानंतर गाडी हलणं आणि नेम पुन्हा स्थिर व्हायला वेळ लागणं, हे गेममध्ये दाखवायलाच हवं.

मारा किती? भेदक गोळ्याचा वेग सेकंदाला दीड हजार मीटरच्या वर, पण एक किलोमीटरवर भेद २०० मिलिमीटरच्या आसपास. शेप्ड चार्ज गोळ्याचा ४०० च्या घरात. आधुनिक रणगाड्याच्या पुढच्या भागासाठी दोन्ही अपुरे, बाजूसाठी पुरेसे. झाडीत लपून बाजूनं मारणारं वाहन, असाच त्याचा खेळ व्हायला हवा. तोफ खाली ६ अंश झुकते हा जमिनीवरचा आकडा आहे. छपरावर बसवल्यावर गाडीची स्वतःची पुढची कड आड येते, तेव्हा कोणत्या दिशेला किती झुकते ते फोटोवर रेषा काढून वेगळं मोजा.

बाजूला पत्रे वेल्ड केले असतील तर त्यांचं वजन घरबसल्या काढता येतं. १० मिलिमीटर पोलादाचा एक चौरस मीटर ७८.५ किलोचा. दोन्ही बाजूंना ४ मीटर लांब आणि ७० सेंटिमीटर उंच पत्रा म्हणजे ५.६ चौरस मीटर, जवळपास ४४० किलो. तोफ आणि दारूगोळा मिळून एकूण एक टन वाढला तर टनामागची ताकद २० वरून साडेअठरावर येते. वेगात हे फारसं जाणवणार नाही, तरंगण्यात मात्र नक्की जाणवेल. वर्कशॉपमधलं पोलाद प्रत्येक वेळी चिलखती दर्जाचं नसतं, म्हणून पुरावा नसल्यास गेममध्ये त्याला "बांधकामाचं पोलाद" हाच दर्जा द्यावा, जो त्याच जाडीत कमी थांबवतो.

हेलिकॉप्टरचे रॉकेट पॉडही गाड्यांवर बसवलेले दिसतात: ३२ नळ्यांचा ५७ मिलिमीटरचा, किंवा २० नळ्यांचा ८० मिलिमीटरचा. ही रॉकेटं वेगानं उडणाऱ्या विमानातून सुटण्यासाठी बनली आहेत. स्थिर गाडीवरून सुटताना सुरुवातीचा वेग कमी, पंखांना हवेचा आधार उशिरा मिळतो, आणि तेवढ्यात वारा दिशा वळवतो. त्यामुळे फैलाव प्रचंड. क्षेत्रावर मारा करण्यासाठी ठीक, एका रणगाड्यावर नेम धरण्यासाठी निरुपयोगी.

बीएमपी-१ आणि बीटीआर-४

बीएमपी-१ हे पायदळ घेऊन लढणारं सोव्हिएत चिलखती वाहन. त्याची मूळ ७३ मिलिमीटरची ग्रोम तोफ कमी दाबाची. गोळा मंद जातो आणि वाऱ्यानं भरकटतो. त्यावर युक्रेनी उत्तर म्हणजे टरेट, तोफेचा फिरता बुरूजच, बदलणं. बीएमपी-१यू मध्ये श्क्वाल मॉड्यूल आलं: ३० मिलिमीटरची तोफ, ग्रेनेड लाँचर, मशीनगन आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं. जॉर्जियानं ही आवृत्ती घेतली होती. हल्ल्याची ताकद कितीतरी वाढली, सांगाडा तोच: बाजू १६ ते १८ मिलिमीटर, मागच्या दारांत इंधनाच्या टाक्या. गेममध्ये त्याला नव्या वाहनाचं आक्रमण आणि जुन्या वाहनाचा जीव द्यावा.

बीटीआर-४ हा सैनिकवाहक मात्र मुळापासून नवा. आठ चाकं, खार्किवचा आराखडा, २००६ चा. जुन्या बीटीआर-८० मध्ये इंजिन मागे आणि सैनिक बाजूच्या दारांतून गोळ्यांच्या पावसात उतरायचे. इथे इंजिन मध्यभागी आणि दारं मागे. पारुस मॉड्यूलमध्ये ३० मिलिमीटर तोफ, मशीनगन, ग्रेनेड लाँचर आणि दोन बारिएर क्षेपणास्त्रं, पल्ला ५ किलोमीटर. मार्च २०२२ मध्ये मारिउपोलच्या रस्त्यांवर या गाड्या अगदी जवळून रशियन चिलखती वाहनांवर तुटून पडल्या. जवळून, बाजूनं आणि सतत मारा: ३० मिलिमीटरच्या तोफेनं रणगाड्याच्या साइट, चाकांवरचे पट्टे आणि नळी निकामी होतात, पुढचं चिलखत न भेदताही. नुकसानीचा हिशोब भागनिहाय ठेवणाऱ्या गेममध्ये हे सुंदर उतरतं. फक्त "भेदलं की नाही" एवढंच बघणाऱ्या गेममध्ये बीटीआर-४ वर अन्याय होतो.

ड्रोनचा पिंजरा

ड्रोनपासून वाचायला छतावर बसवलेल्या सळयांच्या पिंजऱ्याचं वजन कमी असतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो. साडेतीन बाय तीन मीटरचं छत, दोन्ही दिशांना दर १५ सेंटिमीटरला सळई, म्हणजे साधारण १४५ मीटर सळई, १३० किलोच्या आतबाहेर. खांब आणि बाजूच्या जाळ्या धरून दुप्पट. रणगाड्याला हे काहीच नाही. खरी किंमत वेगळी: झाकण पूर्ण उघडत नाही, छतावरची मशीनगन फिरत नाही, अँटेना अडते, कमांडरच्या दृष्टीत पट्टे येतात आणि उंची वाढल्यानं झुडपाआडून रणगाडा लवकर दिसतो.

फायदा कसा होतो, तेही नीट समजून घ्या. शेप्ड चार्जची धार ३०-४० सेंटिमीटर आधी फुटली म्हणून लगेच निस्तेज होत नाही. पिंजरा उपयोगी पडतो तो ड्रोनला झाकण किंवा इंजिनाच्या जाळीसारख्या कमजोर जागी पोहोचू न देण्यात, किंवा स्फोटाचा कोन बिघडवण्यात. म्हणून गेममध्ये पिंजऱ्याला चिलखताचे मिलिमीटर देऊ नयेत. तो गोळा लवकर फोडणारा एक पातळ अडथळा, एवढंच ठेवावं, आणि मशीनगनचा फिरण्याचा कोन कमी करावा.

दुर्मीळ नमुने

टी-८४ रणगाड्याचं घराणं खार्किवचंच. बीएम ओप्लोत ५१ टनांचा, १२०० अश्वशक्तीचा, कमांडरला स्वतंत्र पॅनोरमिक (सगळीकडे फिरणारा) थर्मल असलेला. थायलंडनं ४९ घेतले, युक्रेनच्या स्वतःच्या सैन्याकडे मोजकेच. यातागान हा तुर्कीसाठीचा प्रयत्न: नाटोची १२० मिलिमीटर तोफ आणि गोळे टरेटच्या मागच्या वेगळ्या कप्प्यात, म्हणजे टी-६४ च्या जुन्या दुखण्यावर थेट इलाज. बीटीएमपी-८४ मध्ये सांगाडा लांबवून रणगाड्यातच पाच सैनिकांची जागा केली. आपल्याकडच्या खेळाडूंना एक धागा ओळखीचा वाटेल: पाकिस्ताननं नव्वदच्या दशकात ३२० टी-८०यूडी रणगाडे खार्किवकडूनच घेतले, आणि त्यांच्या अल-खालिद रणगाड्यातलं १२०० अश्वशक्तीचं इंजिनही तिथलंच. म्हणजे खार्किवचं इंजिन गेममध्ये नीट उतरवलं तर एका दगडात दोन-तीन देशांची वाहनं सुधारतात.

माहिती जमवताना

फोटोवरून माप काढायचं तर चौकटीत एक खात्रीचं माप हवं. एमटी-एलबीसाठी सांगाड्याची लांबी सगळ्यात विश्वासार्ह. भिंगामुळे कडा वाकतात, म्हणून वाहन फोटोच्या मध्यभागी आणि बऱ्याच अंतरावरून टिपलेला फोटो निवडा. दारूगोळ्याची संख्या अंदाजानं लिहू नका: आतल्या जागेत पेट्या किती मावतात ते काढा आणि क्रूची जागा वजा करा. प्रत्येक आकड्यापुढे तो कारखान्याच्या माहितीपत्रकातला, जुन्या सोव्हिएत नियमपुस्तिकेतला की फोटोवरून मोजलेला, हे लिहून ठेवा. समतोल ठरवणाऱ्याला कोणता आकडा हलवता येतो हे त्यातून कळतं.

गोपनीय कागद मात्र कधीही वापरू नका. २०२१ मध्ये वॉर थंडरच्या एका खेळाडूनं ब्रिटिश चॅलेंजर २ रणगाड्याच्या नियमपुस्तिकेतली पानं वाद जिंकण्यासाठी टाकली आणि ती काढून टाकावी लागली. युक्रेनी वाहनांच्या बाबतीत तर युद्ध चालू आहे. कुठल्या युनिटची गाडी, कुठे उभी, पिंजऱ्यात नेमकी फट कुठे, हे गेमला लागत नाही. उत्पादकानं जाहीर केलेली मापं, प्रदर्शनातले फोटो आणि जुन्या सांगाड्यांची छापील माहिती एवढ्यावर चांगलं मॉडेल उभं राहतं.